दुपारची पेशंट
एप्रिलमधल्या एका दुपारी, अमरावतीत आमच्या शेजारच्या घरात, पंचफुलाबाईंच्या छातीत कळ आली. घरात त्यांची सून प्रणिता एकटीच होती. ती परिचारिका आहे. कळ आली तेव्हा ती इंग्रजी शिकत होती.

त्या दिवसांत आमच्याकडची दुपार पांढरी असते. भिंतींचे रंग उन्हात विरून जातात, रस्ते ओस पडतात, आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. त्या घरघरीतून, ओल्या वाळ्याच्या गंधासोबत, शेजारच्या खिडकीतून दोन आवाज येत. माझे काम वर्तमानपत्रातले, तेही संध्याकाळचे. दुपारी मी घरीच असे.

प्रणिता मूळची अंजनगाव सुर्जीची. अंगाने शिडशिडी, चालणे घाईचे, बोलणे कमी. कुणाच्या हातून पाण्याचा पेला घेतानाही तिची दोन बोटे नकळत त्या माणसाच्या मनगटावर टेकत, क्षणभर नाडी पाहत आणि मग पेला उचलत. तिला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नोकरी मिळू घातली होती. अडसर होता तो तोंडी परीक्षेचा. रोगांची, औषधांची इंग्रजी नावे तिला तोंडपाठ होती. त्यांचे तिला भय नव्हते. भय होते ते लहान शब्दांचे. तिथला म्हातारा पेशंट स्वतःच्या घरगुती बोलीत, हळू आवाजात काहीतरी सांगेल, आपल्याला ते साधे वाटेल, आणि ते साधे नसेल.

हे भय तिने धारणीहून आणले होते. तिथल्या दवाखान्यात, नोकरीच्या पहिल्या वर्षी, एक कोरकू आदिवासी बाई तिचा पदर धरून एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होती. प्रणिता तिला धीर देत राहिली. भाषा जाणणारी आया येईपर्यंत त्या बाईचे बोलणे कायमचे थांबले होते. ते वाक्य काय होते, हे आयेलाही कळले नाही. तिने ते ऐकलेच नव्हते.

म्हणून दुपारचा सराव. नवरा संत्र्याच्या व्यापारात, बहुतेक वेळ वरूडला. पेशंट व्हायला घरात सासूच होती. पंचफुलाबाई पलंगावर आडव्या होत, वऱ्हाडीत कण्हत, आणि प्रणिताने त्यावर इंग्रजीत बोलायचे.

"अवं सिस्टर, माह्या पोटात उंदरं नाचून राह्यले वं!"

"आर यू फीलिंग पेकिश?"

"म्हंजे काय वं?"

"म्हंजे जराशी भूक लागली काय. उंदरं असं नाई म्हनत तिकडे, आई."

"काहून? तिकडे उंदरं नसतेत काय? चुलीत गेलं तुयं इंग्रजी!"

हे शेवटचे वाक्य ठरलेले होते. प्रत्येक इंग्रजी उत्तरावर चुलीचा उद्धार होई आणि मग दोघी हसत. पंचफुलाबाईंचे हसणे पितळी भांडे फरशीवर पडल्यासारखे होते: मोठे, आणि बराच वेळ घुमणारे. प्रणिताने शिकवणीत एक गोष्ट ऐकली होती, ती तिने सासूलाही सांगितली होती. तिकडची म्हातारी माणसे दुखणे कमी करून सांगतात. 'नॉट टू बॅड' म्हणाली, तरी जवळ जाऊन पाहायचे. 'अ बिट ऑफ', म्हणजे जरासे बरे नाही, असे म्हणाली, तर तिथून हलायचे नाही.

त्या दुपारी पंचफुलाबाई कण्हल्या नाहीत. आवाज खाली होता.

"काई नाई वं. जरासं बरं नाई वाटून राह्यलं."

"यू फील अ बिट ऑफ? व्हेरी गुड, आई! असंच म्हनतेत!"

चुलीचा उद्धार झाला नाही. कूलर घरघरत राहिला. मग प्रणिताची वऱ्हाडी ऐकू आली, आधी कधीही न ऐकलेल्या आवाजात.

"आई? कुठी दुखते? बोला ना वो आई, बोला ना!"

मी गेलो तेव्हा तिची दोन बोटे सासूच्या मनगटावर होती. रिक्षातही तिने ती उचलली नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणले.

पंचफुलाबाई वाचल्या. घरी आल्यावर त्यांनीच तोड काढली. सराव असेल तेव्हा डोक्याला पिवळा रुमाल बांधायचा. रुमाल आहे तोवर दुखणे खोटे. नसेल तर खरे. "मंग तुले भ्याचं काम नाई," त्या म्हणाल्या. प्रणिता भ्यायची ती भ्यायचीच. रुमाल बांधलेल्या सासूचीही ती आधी नाडी पाहून घेई, आणि मगच इंग्रजीत बोले.

ती परीक्षा पास झाली. जायचे नाही, असे तिने एकदा ठरवलेही. तेव्हा पंचफुलाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पावसाळा सरताना ती गेली. आता दुपारी कूलरही बंद असतो आणि भिंतीपलीकडून कपबशीचा आवाजही स्पष्ट येतो. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली उशाशी असते. फोन पंचफुलाबाईंना जमत नाही, म्हणून तो धरायला मी जातो. फोनची वेळ झाली की त्या पिवळा रुमाल बांधतात. प्रणिताला वाटते, आई अजून आपला सराव घेते आहे.

परवा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम होता. रुमाल त्यांनी घामावरून घट्ट बांधला.

"सिस्टर, माह्या छातीवर म्हैस बसून राह्यली वं!"

पडद्यावर प्रणिता आधी रुमालाकडे पाहत राहिली. मग हसली, आणि छातीवर दडपण आल्याचे तिकडच्या बोलीत कसे सांगतात, ते तिने दोनदा म्हणून दाखवले.

"चुलीत गेलं तुयं इंग्रजी," पंचफुलाबाई म्हणाल्या.

तिची ड्यूटी सुरू होत होती. फोन बंद झाला.

पंचफुलाबाईंनी रुमाल सोडला, त्याची घडी केली, उशीखाली ठेवली.

"भाऊ, तिले सांगजो नोको," असे म्हणून त्यांनी बाटली मागितली आणि गोळी जिभेखाली ठेवली.