कोराडीचा नवरा

काटोलची बस शहराच्या वेशीवरच्या गिट्टीखदानपर्यंत आली तेव्हा यमुताई म्हणाली, "पंचफुला, उतराच्या आंधी ठरव वं, तू कोन हायेस ते."

"मी पंचफुलाच नाई का?"

"ते गावात. शहरात एकट्या बाईले सारेच विचारतात. तोंडात येईन ते बोलशीन तं दुसऱ्याच दिवशी पकडली जाशीन."

यमुताई माझ्या माहेरची. धरमपेठेत घरोघरी स्वयंपाक करायची. अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच उलटली होती, आणि तिनं मला आठवडी बाजारातूनच बसमध्ये घातलं होतं, नेसत्या लुगड्यानिशी. पिशवीसुद्धा नव्हती. असं रिकाम्या हातांनी निघालं की बरोबर नेण्यासारखं एकच उरतं, आपण कोण ते. तेही मला बदलायचं होतं.

यमुताईनं माझ्यापुढे तीन बाया मांडल्या, भाजीवालीनं वाटे मांडावेत तशा. पहिली, बिनलग्नाची. तिला खोली कोणी देत नाही, शिवाय माझ्या बोटांवर जोडव्यांचे वळ होते. दुसरी, विधवा. तिला खोली मिळते, काम मिळतं, कोणी फार विचारत नाही आणि नीट बघतही नाही. तिसरी, नवरा बाहेरगावी नोकरीला असलेली. तिला मान सगळ्यात जास्त, पण तो नवरा कधीतरी लोकांना दिसावा लागतो.

"विधवाच हो," यमुताई म्हणाली. "त्यात कमी खोटं बोला लागते."

"नाई. त्याचं काही बरंवाईट झालं तं?"

यमुताई माझ्याकडे बघतच राहिली. "ज्याच्या भेवानं पळून राहिली, त्याच्याच जिवाची काळजी करून राहिली काहून?"

नवरा जिवंत असताना कपाळ पुसायचं म्हणजे आपल्या हातानं त्याला मारायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. आणि माझ्या नवऱ्याला, रुपरावला, स्वतःलाही विधवेचा भारी विटाळ. शेतावर निघताना एखादी समोर आली तर तो मान फिरवून थुंकायचा.

रुपरावची मी दुसरी बायको. पहिली विहिरीत पडली होती. "पाय घसरला," असं तो सांगायचा, बैलाला खरूज झाली हे सांगावं त्या आवाजात. त्या विहिरीला कमरेइतका कठडा होता. पाय घसरून कोणी कठडा चढत नाही, पण हे गावात बोलणार कोण? दिवाळीच्या दिवशी माझी भाकर करपली. त्यानं मला केसांना धरून त्या कठड्यापाशी नेलं, वाकवलं, आणि अगदी हळू म्हणाला, "पानी किती हाये पाह्यून ठेव."

मी पाहून ठेवलं होतं. म्हणून तर बसमध्ये होते.

शेवटी मी तिसरी बाई घेतली. नाव गोपिका. यमुताई हसली, "गोपिकेले गिरिधरच पायजे." असा माझा नवरा जन्माला आला. तो कोराडीच्या पॉवर हाउसात होता, कोळशाकडे, पाळीपाळीनं ड्यूटी. क्वार्टर अजून मिळालं नव्हतं, म्हणून मी शहरात. बिचारा दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. खऱ्यापेक्षा तो फारच बरा होता.

यमुताईनं मला अरुंधतीबाईंकडे नेलं. धरमपेठेतलं जुनं, नीटनेटकं घर, मागच्या अंगणात एक खोली. त्यांचे मधुसूदनराव कचेरीत. अरुंधतीबाईंनी विचारलं, "मिस्टरांचं नाव काय?" मी खाली बघितलं. यमुताईनं सांगितलं, "गिरिधर." नवऱ्याचं नाव बायको घेत नाही ही रीत तेव्हा किती सोयीची वाटली. मला ते खोटं नाव एकदाही उच्चारावं लागलं नाही. "आमचे ते" म्हटलं की भागत होतं.

भीती मात्र खोलीत माझ्याबरोबर राहायला आली. फाटकाची कडी वाजली की हातातलं लाटणं थांबायचं. गल्लीत कुणी पुरुष खाकरला की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. सीताबर्डीवर जायची वेळ आली तर प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली मला रुपराव दिसायचा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी यमुताई धापा टाकत आली. "तो बर्डीवर दिसला. भाजीवाल्याइले विचारून राहिला, मायी बायको पाह्यली का म्हून. बाहेर निंघू नको."

बाहेर निघायचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सगळं शहर घरात येणार होतं. अरुंधतीबाईंचं हळदीकुंकू होतं. डोकं दुखतं म्हणून सांगावं असं दहादा मनात आलं. पण घरातली सुवाशीण संक्रांतीला आली नाही तर तेच डोळ्यात खुपतं. ज्या बाईचं सोंग घेतलं तिला जावंच लागणार होतं. मी गेले.

आणि बाजूला कोण बसावी, तर कोराडीची वच्छलाबाई. तिचे यजमान तिथल्याच कॉलनीत. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख कशी बसते ते तिचं सांगून झालं आणि मग ती माझ्याकडे वळली. "तुमचे मिस्टर तिथंच म्हणे? गिरिधर ना? कोणत्या खात्यात?"

"कोळशाकडे."

"कोळशाकडे साहेब कोण आहे त्यांचे?"

मी पदर सारखा करायला लागले. तेवढ्यात कुंकवाचं ताट माझ्यापुढे आलं आणि बायका म्हणाल्या, "नाव घ्या, नाव घ्या." मला अक्षरशः सुटल्यासारखं झालं. उखाणा तर मी भाकरी थापताना स्वतः जुळवून ठेवला होता. अरुंधतीबाईंनी कपाळाला कुंकू लावलं आणि मी म्हटलं:

"कोराडीच्या चिमणीतून धूर जातो वर, रुपरावांच्या नावानं भरलं माझं घर."

ते नाव माझ्याच कानावर आलं. लग्न झाल्यापासून रुपरावचं नाव मी उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. आणि उखाण्यात त्याच्याशिवाय दुसरं नाव कधी आलं नव्हतं. जिभेला ती एकच वाट ठाऊक. गिरिधर तिच्यावर कधी बसलाच नव्हता.

"रुपराव?" वच्छलाबाई म्हणाली. "गिरिधर ना ते?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अरुंधतीबाईंच्या हातातला कुंकवाचा करंडा क्षणभर थांबला. मग त्या सहज म्हणाल्या, "पाळण्यातलं असेल. आमचे नाही का, बाहेर मधुसूदन आणि घरात बाळ." बायका हसल्या. ताट पुढे गेलं. तिळगूळ मी पदराच्या गाठीत बांधला.

सगळ्या गेल्यावर अरुंधतीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"तुझं नाव पंचफुला आहे?"

मी मान हलवली.

"दुपारी फाटकाशी एक माणूस आला होता. रुपराव नाव सांगितलं. बायको शोधतो आहे म्हणाला, पंचफुला नावाची, हनुवटीवर गोंदण असलेली. मी सांगितलं, आमच्याकडे गोंदणवाली आहे, पण ती गोपिका. तिचा नवरा गिरिधर, कोराडीला असतो." त्यांनी खिडकी ओढून घेतली. "मला दया आली गं त्याची. मी चहा दिला."

ती कपबशी मीच विसळली होती. बशीच्या काठावर तंबाखूचा डाग होता, तो मी राखेनं घासून काढला होता.

"काय म्हनला तो?"

"हसला. म्हणाला, कोराडीलेच जाऊन पाहतो त्याले."

मी घडवलेल्या नवऱ्याला शोधायला माझा नवरा गेला होता. तिथं गिरिधर सापडणार नव्हता. मग हे घर तर त्याला ठाऊकच होतं.

अरुंधतीबाई भराभर बोलायला लागल्या. त्यांची बहीण चारुलता शहराच्या जुन्या भागात, महालात राहत होती, तिला स्वयंपाकाला बाई हवी होती. "मी रिक्षा बोलावते. तिला मी काही सांगणार नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. काय सांगायचं ते तूच ठरव. पण आता गोपिका चालायची नाही."

हे म्हणताना त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. त्यांनीच लावलेलं कुंकू होतं ते. तोंडानं त्या काही बोलल्या नाहीत, सणाच्या दिवशी बोलतील कशा? त्या शेगडीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी पदरानं कपाळ पुसलं. मंगळसूत्र तिळाच्या डब्यात ठेवलं. बांगड्या फोडल्या नाहीत, आवाज झाला असता. मोरीवर साबण लावून काढल्या.

व्हरायटी चौकात रिक्षा अडकली. समोर कोराडीची बस रिकामी होत होती, आणि उतरणाऱ्यांत तो होता. पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी. मी पदरानं हनुवटी झाकली, पार नाकापर्यंत. तो रिक्षाकडेच आला, चाकाला हात लागेल इतका जवळ. तो आत बघणार, एवढ्यात त्याला माझे रिकामे हात आणि उघडं कपाळ दिसलं.

त्यानं मान फिरवली आणि थुंकला.

महालात पोचले. चारुलताबाईंनी पाणी दिलं, कपाळाकडे बघून आवाज खाली आणला. "कशानं गेले गं?"

"विहिरीत पडले," मी म्हटलं. "पाय घसरला."

त्या हळहळल्या, आणि चूल कुठे आहे ते दाखवायला मला आत घेऊन गेल्या.