संत्र्याला लागलेले महाराज

गोदाबाईच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. अकोल्याच्या बसस्टँडवरून ऑटो करून ती घरी आली, आणि तो ढीग पाहून फाटकातच थबकली. एवढ्या चपला एक तर मयतीला जमतात, नाहीतर फुकटच्या जेवणाला. पण आतून रडण्याचा आवाज नव्हता, वरणाला फोडणी दिल्याचा वासही नव्हता. आत झांजा वाजत होत्या.

अंगणात शे-दीडशे माणूस दाटलेलं. मधोमध गोदाबाईचं संत्र्याचं झाड, पान दिसू नये इतकं पांढऱ्याशुभ्र फुलांनी लगडलेलं. त्याला कोणीतरी लाल चुनरी नेसवली होती आणि एका फांदीला काळ्या कापडाची बाहुली टांगली होती. झाडाखाली खुर्ची, आणि खुर्चीत तेल लावलेल्या दाढीचा भगवा बुवा. खुर्ची गोदाबाईचीच होती. ती दवाखान्यातून आलेल्या माणसालासुद्धा तिच्यावर बसू देत नसे.

शेजारची पार्बताबाई धावत आली.

"अवं गोदाबाई, बरं झालं माय, वेळेवर आल्या! तुमचं अंगण पावन झालं!"

"पावन झालं का घान झालं ते मी पाह्यतो. हा कोन बसून राह्यला माह्या खुर्चीत?"

"शूऽऽ! देवानंद महाराज होत ते. झाडवाले महाराज म्हनतेत त्यायले. तुमचं वांझोटं झाड फुलवलं त्यायनं!"

वांझोटं. हा शब्द गोदाबाईला बरोबर लागला, आणि लागण्याचं कारण होतं. ती चांदूर बाजारकडच्या बागाईतदाराची लेक. बापाची पाचशे झाडांची संत्र्याची बाग. शाळा दोन इयत्ता, पण बाग पुरी शिकलेली. आठ वर्षांमागं तिनं भावाकडून दोन कलमं आणली. एक आपल्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ लावलं. दुसरं भिंतीपलीकडच्या नत्थुजींना दिलं. दोन्ही झाडं वाढली, माजली, हिरवीगार झाली. फळ मात्र एकाला नाही. "बागाईतदाराची लेक, अन् घरी संत्रं बाजारातून," असं लोक तिच्या पाठीमागं म्हणत. गोदाबाई नर्सरीवाल्याला शिव्या घालून मोकळी होई.

डिसेंबर लागला तशी ती अचलपूरला गेली. बहीण पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. बहिणीला चालती करून आज, फेब्रुवारीत परत आली, तर घरात महाराज उगवलेला.

झांजा थांबल्या. महाराजांनी डोळे मिटले आणि जड आवाजात सुरू केलं.

"भक्तहो! या वृक्षाच्या सूक्ष्म नाड्या बंद होत्या. निगेटिव्ह ऊर्जेचं आवरण होतं. मी ध्यानात पाहिलं, मुळाशी करणी पुरलेली आहे! खोदलं, तर ही बाहुली निघाली. मग वृक्षाला सव्वा महिना निर्जळी व्रत दिलं. पाण्याचा थेंब नाही. शेवटी मंत्रवलेली माती आणि गंगाजल अर्पण केलं. एकविसाव्या दिवशी पॉझिटिव्ह व्हायब्रेशन जागृत झाले!"

"जागृत झाले!" एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर मोतीराम पहिल्या रांगेतून ओरडला. त्याला आयुष्यभर घंटी वाजवायची सवय. आता महाराजांच्या प्रत्येक वाक्यामागं तो वाजत होता.

गोदाबाईच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. सव्वा महिना निर्जळी. खोदकाम. माती. मग पाणी. हे व्रत तिनं कुठं पाहिलं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. अशा बुवाला दोन शब्द सुनावून हाकलावं, म्हणून तिनं पदर खोचलाही. तेवढ्यात तिची नजर झाडाच्या बुंध्याशी गेली.

तिथं पाटावर तिची नात बसली होती. नऊ वर्षांची खुशी, कपाळभर राख. समोर पूजेचं ताट, आणि ताटात हळदीकुंकू वाहिलेली खुशीची गोळ्यांची पाकिटं.

खुशीला फिट येत. दोन वर्षांमागं शाळेच्या प्रार्थनेत पहिल्यांदा आली तेव्हा याच मोतीरामानं पायातली चप्पल काढून पोरीच्या नाकाला लावली होती. चप्पल हुंगून फिट थांबत असती तर जोड्यांच्या दुकानात डॉक्टर बसले असते. मग खरा डॉक्टर गाठला, गोळ्या सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, आणि मी सांगेपर्यंत बंद करायची नाही, असं त्यानं बजावलं होतं. वर्षभरात एकही फिट आली नव्हती.

"चंदा!" गोदाबाईनं सुनेला दंडाला धरून बाजूला ओढलं. "हे काय मांडलं? गोळ्या ताटात काहून?"

चंदाचे डोळे खाली. "आई, आजपासून बंद करतो आहोत. महाराज म्हणाले, पोरीचंही झाडासारखंच आहे. झाडाचं पाणी तोडलं, झाड फुललं. पोरीच्या गोळ्या सव्वा महिना तोडायच्या. रोज भस्माची पुडी द्यायची. पाकिटं आज झाडाखाली पुरायची."

"अन् तुह्या नवऱ्यानं हो म्हनलं?"

गोदाबाईचा मुलगा विपुल मागं उभा होता. तो कुरकुरला, "आई, मीही नाहीच म्हणत होतो. पण झाड डोळ्यासमोर फुललं ना! आठ वर्षांत तुझ्यानं झालं नाही, ते या माणसानं केलं."

"पोरगी वर्गात झोपते, आई," चंदाचा आवाज फुटला. "बाया विचारतात, मंद आहे का म्हणून. अजून किती वर्षं गिळायच्या या गोळ्या?"

गोदाबाईनं सकाळची गोळी दिली का विचारलं. दिली होती. संध्याकाळची वेळ तासाभरावर आली होती.

आता शिव्या देऊन भागणार नव्हतं, हे गोदाबाईला कळलं. शिवी दिली की लोक म्हणतील, बुढीच्या पोटात दुखलं. झाड खरोखर फुललं होतं, आणि फुललेल्या झाडापुढं शिवी फिकी पडते. तिनं खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हात जोडून महाराजांपुढं जाऊन बसली. गर्दीत आनंद पसरला. गोदाबाई वाकली! मोतीरामानं तर हात जोडून आभाळाकडं पाहिलं.

"महाराज, मी अनपढ बाई," ती गोड आवाजात म्हणाली. हा आवाज ऐकून विपुल दचकला. आईचा असा आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता. "माह्या भावाकडं असंच एक झाड अडून राह्यलं. त्याले हे व्रत देतो म्हनते. पन मले भेव वाटते. पानी तोडलं की पानं मलूल पडतीन, गळतीन. झाड मरन त नाई न?"

"श्रद्धा ठेवा, माई."

"श्रद्धा त हाय जी. पन पान किती गळू द्याचं?"

"चार आणे," महाराज सहज बोलून गेले. "चार आणे पान गळलं की समजाचं, झालं भरपूर. आठ आणे गळू देलं त झाड हातचं गेलं."

"अन् खोदाचं कसं?"

"बुंध्यापासून हात-दीड हात सोडून. बारीक मुळी तुटली पायजे, जाडीले धक्का नाई लागला पायजे. दोन-चार दिवस ऊन खाऊ द्याचं."

"अन् मंग?"

"मंग शेनखत घालाचं, पयलं पानी हलकं द्याचं, चौथ्या-पाचव्या दिवशी भरपूर. एकदम देलं त बहार गळते."

महाराजांची सूक्ष्म नाडी आणि व्हायब्रेशन कुठल्या कुठे गेली होती. जड मराठीत बोलणारा माणूस तोंडभरून वऱ्हाडी बोलत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. आपलं काम येणाऱ्या माणसाला कामाबद्दल विचारलं की तो खोटं बोलायचं विसरतो.

गोदाबाई उठली. आवाज पुन्हा तिचा स्वतःचा झाला.

"कोनाच्या बागेत होता रे तू?"

"काय?"

"बागवान होता न? वरूडकडं का मोर्शीकडं? लोकहो, आयका! ह्या व्रताले ताण म्हनतेत ताण! माहा बाप दरसाल पाचशे झाडायले देत होता. पानी तोडाचं, मुळं उघडी कराची, पान चार आणे गळलं की खत घालून पानी सोडाचं. झाडाले वाटते आता आपन मरतो, मंग पानी भेटलं की ते फुलावर येते. आंब्या बहार म्हनतेत त्याले. तुमच्या समद्यायच्या आज्यानं हेच केलं. अन् तुमी शिमिटाच्या घरात राहाले आले, त आज्याचं काम बाबाच्या हातून पाहून लोटांगन घालता?"

गर्दीत चुळबुळ झाली. दोन-चार म्हाताऱ्या माना हलू लागल्या. त्यांच्या घरच्याही बागा होत्या कधीकाळी. पण मोतीराम हटेना.

"असं असन त गोदाबाई, तुमी आठ वर्षं काहून नाई केलं? तुमी त बागाईतदाराच्या लेक!"

हशा पिकला. महाराजांच्या दाढीतही हसू उमटलं. गोदाबाईचा चेहरा लाल झाला. खरं उत्तर तिला मघाच झाडाकडं पाहताना सापडलं होतं, आणि ते चारचौघांत काढणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या थोबाडीत मारणं होतं. तिनं पाटावरच्या पोरीकडं पाहिलं आणि मारून घेतली.

"काहून का माही अक्कल गेलती! झाड मी धुन्याच्या दगडाजवळ लावलं. दोन बादल्या पानी वाया काहून जाऊ द्याचं, म्हनून रोजचं धुन्याचं पानी त्याच्या आळ्यात सोडलं. आठ वर्षं ते झाड एक दिवस तहानलं नाई. पायात सदा पानी असल्यावर संत्रं पानं काढते, फूल काढत नाई. मले बागेत हे समजत होतं, घरी नाई समजलं. नर्सरीवाल्याले उगाच शिव्या देल्या. चूक माही होती. झालं तुमचं समाधान? आता भिंतीपलीकडं पाहा."

"तिथं काय हाय?"

"नत्थुजीच्या अंगनात ह्याच झाडाचा भाऊ हाय. एका दिवशी लावलेला. नत्थुजी त्याले रोज संध्याकाळी नळीनं पानी पाजत, म्हनून तोही फळला नाई. दिवाळीपासून घराले कुलूप. पार्बताबाई, येताना कोपऱ्यावरच्या पाइपाले नवा जोड दिसला मले, तो पाइप कवा फुटला?"

"संक्रांतीनंतर," पार्बताबाई म्हणाली. "चार दिवस पानी वाहत होतं त्यायच्या अंगनात. कोनी पाहाले आलं नाई."

"मोतीराम, चढ स्टुलावर अन् सांग काय दिसते ते. मोठ्यानं सांग. तुले ओरडाची सवय हाय."

मोतीराम चढला. भिंतीवरून डोकावला. टाचा उंचावून पुन्हा डोकावला.

"अरे, बोल न!"

"फुललं हाय," तो हळूच म्हणाला.

"किती?"

"इतकंच. उलट... थोडं जास्तच."

"त्याले कोन्या बाबानं मंतर देला? नगरपालिकेच्या पाइपानं?"

आता हसू वेगळ्या बाजूनं फुटलं. महाराज उभे राहिले. "ही निंदा आहे! करणीची बाहुली खोटी आहे काय? पोरीवर कोप होईल!"

चंदा चटकन खुशीजवळ सरकली. गोदाबाईनं फांदीवरची बाहुली उपटली, तिच्यात टोचलेली टाचणी काढली आणि उन्हात धरली. टाचणी चकाकली.

"आठ वर्षं धुन्याच्या पान्यात पुरली होती न ही? मंग गंजली काहून नाई? काळ्या मातीत माह्या विळ्याचं पातं वर्षात खाऊन जाते. हे कापड कुजलं नाई, टाचनी गंजली नाई! कोन्या खिशातून आली, दाखव तो खिसा!"

महाराज फाटकाकडं निघाले. विपुल आडवा झाला. आता त्याला आवाज फुटला होता. त्यानं ठाण्यात फोन लावला, आणि मघापासून ओरडणाऱ्या मोतीरामानंच महाराजांना पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी दोन्ही खांदे दाबून.

गोदाबाई चंदापाशी बसली. आता ती ओरडली नाही.

"आयक. झाडाचं पान गळलं त नवं येते. तरी त्यालेही हिशोबानं तोडा लागते, जास्त तोडलं त मरते. ह्या पोट्टीच्या गोळ्या एकदम तोडल्या अन् फिट लागून राह्यली, त काय आनसीन नवं? मानूस झाड होय का?"

चंदा रडू लागली.

"पोट्टी वर्गात झोपते हे डॉक्टरले सांगतलं होतं?"

"नाही," चंदा म्हणाली. "वाटलं, रागावतील."

"बाबाले सांगतलं, पार्बताबाईले सांगतलं, डॉक्टरले नाई! ज्यानं गोळी देली त्याले सोडून समद्या गावाले!"

चंदानं ताटातलं पाकीट उचललं, पदरानं कुंकू पुसलं आणि गोळी काढून खुशीच्या हातावर ठेवली. खुशीनं ती सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली. मग आजीकडं पाहून विचारलं, "आजी, माझ्या गोळ्या कधी बंद होतील?"

अख्खं अंगण ऐकत होतं. आजवर "मले समजत नाई" हे शब्द गोदाबाईच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

"मले समजत नाई, माय," ती म्हणाली. "मले संत्रं समजते, अन् त्यातही मी चुकली. डोक्याचं डॉक्टरले समजते. उद्या सकाळी तू, मी अन् तुही माय जाऊ. झोप येते म्हनून सांगू. तो सांगन ते करू, अन् नाई पटलं त पुन्हा विचारू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर रागावला नाही. त्यानं गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलून दिली, एवढंच. दहा मिनिटांचं काम होतं. तेवढ्यासाठी एक घर पोरगी पणाला लावायला निघालं होतं.

लोकहो, झाड अडलं तर त्याच्या मुळाशी हात घालून पाहा, ओल आहे की कोरड. माणूस अडला तर डॉक्टरपाशी जा आणि लाजेचं सगळं बोला. आणि कोणी डोळ्यासमोर चमत्कार केला, तर हात जोडायच्या आधी भिंतीपलीकडं डोकावून या. तिथं तोच चमत्कार कोणाही बुवावाचून झालेला असतो.