गाभण घोडीवरची रपेट

रोहिणीला जनावरांची भीती वाटते, हे हितेंद्रला साखरपुड्यातच कळलं होतं. असोद्याला तिच्या माहेरी गोठ्यात बैल होते, पण त्यांच्या अंगावरून हात फिरवायला ती कधी धजली नाही. भावांनी हे हसत हसत सांगितलं आणि हितेंद्रने ते लक्षात ठेवलं. भुसावळच्या घरात पाल निघाली की तो मुद्दाम तिलाच हाक मारायचा. ती किंचाळली की सपनाला म्हणायचा, "बघ तुझी आई." आठ वर्षांची सपना बापाबरोबर हसायला शिकली होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो दोघींना घेऊन सातपुड्यातल्या थंड हवेच्या गावी गेला. तिथं तळ्याकाठच्या मैदानावर घोडे उभे असायचे. खालून आलेली कुटुंबं पोरांना घोड्यावर बसवायची, तळ्याला एक चक्कर मारायची, फोटो काढायची. सपनाची चक्कर झाली. हितेंद्रनेही एक घोडा तळ्याभोवती पळवला. मग तो रोहिणीकडे वळला.

"आता मॅडमची पाळी."

"नको. मी इथंच बरी आहे."

"अगं, एवढीएवढी पोरं बसताहेत. सपना, सांग आईला."

"मम्मी डरपोक," सपना म्हणाली. बाजूच्या चटईवर भेळ खाणारं एक कुटुंब त्यांच्याकडे बघून हसलं. रोहिणी उठली.

घोडेवाल्यांत गुंताबाई ही एकटीच बाई होती. नवरा वारल्यावर त्याची तांबडी घोडी तिनं विकली नाही. तिचा दोर धरून ती स्वतःच मैदानावर उभी राहू लागली. हितेंद्रने तिलाच बोलावलं. बाईमाणूस बघून रोहिणीला धीर येईल, असं तो म्हणाला.

"घोडी गाभण शे साहेब," गुंताबाई म्हणाली. "मी ल्हान पोरंच बसाडस."

"माझी बायको काय हत्तीण आहे का? राहू दे. तो पलीकडचा काळा घोडा बोलावतो."

काळा घोडा तरणा होता, एका जागी ठरत नव्हता. गुंताबाईनं रोहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही बाई त्या घोड्यावर टिकायची नाही, हे तिला कळलं.

"बस अक्का," ती म्हणाली. "हळूहळू जाऊत. मी धरेल शे."

रोहिणी कशीबशी वर चढली. घोडी चालू लागली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले होते. गुंताबाई पुढं चालत बोलत राहिली, तांबडी कशी गरीब आहे, कधी कुणाला चावली नाही. "तिना मानवर हात ठेव. गरम शे, देख." रोहिणीनं हात ठेवला. कातडीखालची ऊब हाताला लागली. तिनं डोळे उघडले. ऊन, तळं, पलीकडचे साग, सगळं एकदम उंचावरून दिसत होतं. ती हसली.

हितेंद्र फोनवर शूटिंग करत चालला होता. त्याला हे हसू नको होतं.

"यात काय मजा? पळव की जरा!"

"पयत नई साहेब. गाभण शे, सांगं ना."

त्यानं झुडपाची एक फांदी मोडली. एका हातात फोन तसाच धरून तो मागून आला आणि घोडीच्या पुठ्ठ्यावर त्यानं सगळ्या ताकदीनं फटका मारला.

घोडी उसळली. दोर गुंताबाईच्या हातातून सरकला, तळव्याची सालं निघाली, तरी तिनं सोडला नाही. ती फरफटत गेली. रोहिणीची किंकाळी मैदानभर ऐकू आली. तळ्याकाठच्या दगडांत घोडीचा पाय अडखळला आणि रोहिणी खाली आदळली.

सगळ्यांत आधी गुंताबाई तिच्याजवळ पोचली. रोहिणीचा हात मनगटातून वाकडा झाला होता. भीतीनं तिचे कपडे ओले झाले होते. गुंताबाईनं ते पाहिलं, आणि लोक यायच्या आत आपली ओढणी काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली.

"काही व्हयनं नई," ती कानाशी म्हणाली. "कोन्ही देखं नई."

मग गर्दी आली आणि गर्दीत हितेंद्रचा आवाज चढला. "हिनं दोर सोडला! बायको मेली असती माझी! पोलिसांत जातो, हे मैदानच बंद पाडतो!"

घोडेवाल्यांचा म्होरक्या तोताराम धावत आला. गुंताबाईनं त्याच्यापुढं आपला रक्ताळलेला तळवा धरला.

"मी दोर सोडा नई. यास्नी काठी मारी." ती रोहिणीकडे वळली. "अक्का, तू सांग."

सगळे रोहिणीकडे बघू लागले. हितेंद्रने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रोहिणीला कमरेची ओढणी जाणवत होती. तिची ही अवस्था या जगात एकाच माणसानं पाहिली होती, आणि ते माणूस समोर उभं राहून तिच्याकडे आशेनं बघत होतं. ते बघणं तिला सहन झालं नाही.

"हिनंच सोडला," रोहिणी म्हणाली.

तोतारामला तळवा दिसला होता. तरी त्यानं सगळ्यांदेखत गुंताबाईच्या थोबाडीत मारली. "पुन्हा या मैदानावर दिसू नको." बाकीचे घोडेवाले आपापल्या घोड्यांकडे वळले. पाय फाकवून थरथरत उभ्या असलेल्या घोडीला घेऊन गुंताबाई निघून गेली.

त्याच आठवड्यात तांबडीनं मेलेलं शिंगरू टाकलं आणि पाठोपाठ ती स्वतःही गेली. हात भरून आल्यावर गुंताबाई खाली रावेरकडे केळीच्या कापणीला मजुरीनं जाऊ लागली.

घाट उतरताना हितेंद्रने आपलं जॅकेट रोहिणीच्या अंगावर टाकलं. "बरोबर बोललीस तू," तो म्हणाला. "या लोकांना ढील दिली की डोक्यावर बसतात." इतक्या मायेनं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. रोहिणीला बरं वाटलं. दवाखान्यात कपडे बदलताना तिनं ती ओढणी कचऱ्याच्या डब्यात खाली दाबून टाकली.

प्लास्टर घातल्यावर पाहुणे भेटायला आले. हितेंद्र प्रत्येकाला व्हिडिओ दाखवायचा, फटक्याचा भाग कापलेला. किंकाळी आली की पाहुणे हसायचे, रोहिणीही हसायची. मग तो घोडेवालीनं दोर कसा सोडला ते सांगायचा.

"तिनं नव्हता सोडला," एकदा सपना मध्येच बोलली. "पप्पांनी काठी मारली होती. मी पाहिलं."

एका पाहुण्यानं कप खाली ठेवला. रोहिणी खुर्चीतून उठली आणि चांगल्या हातानं तिनं सपनाच्या कानशिलात दिली. सपनाचं डोकं कपाटावर आपटलं.

"काय पाहिलंस?"

सपना रडली नाही. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"त्या बाईनंच सोडला," ती म्हणाली.

"चहा घ्या ना, गार होतोय," रोहिणी पाहुण्यांना म्हणाली.