तिसऱ्यांची खंडेनवमी

आमच्या मरोळच्या प्रयोगशाळेत साध्या टाकीतल्या चाळीस तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, मेल्या.

असं काहीही घडलेलं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. सकाळी साडेदहाला मी टाकीसमोर घाम पुसत उभा होतो तो उगाच, आणि अकराला माझ्या मार्गदर्शक सुगंधा मॅडम आकडे बघायला येणार होत्या त्याही उगाच.

प्रयोग सोपा होता. गरम टाकीत पाणी चौतीस अंश, साध्या टाकीत अठ्ठावीस. उष्णतेच्या ताणाने तिसरीच्या रक्तातल्या लढाऊ पेशी घटतात आणि मग पाण्यात नेहमीच असलेले जंतू तिला संपवतात, हे मला दाखवायचं होतं. तुलनेला साधी टाकी ठणठणीत हवी. सहा महिन्यांचं काम आणि माझी पीएचडी त्या टाकीवर उभी होती.

दसऱ्याला मी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत येऊन बघतो तर साध्या टाकीतले शिंपले आ वासून पडलेले. पेन्सिलीने टकटक केली की जिवंत तिसरी मिटते. पहिली मिटली नाही. दुसरी नाही. सातवी जराशी हलली, पण तो बुडबुडा होता.

गरम टाकीत पाच गेल्या होत्या. बाकीच्या तग धरून.

साध्या टाकीतलं पाणी बरोबर अठ्ठावीस अंश. हवेचा पंप चालू. पंपावर हळदकुंकू.

"नंदूकाका, हे काय?"

आमचे प्रयोगशाळा परिचर नंदकुमार फडकं झटकत आले. "खंडेनवमी. हत्यारं पुजायची नाहीत का?"

"आणि पंप?"

"पुजलेलं हत्यार चालवतात का रे? नवमीला सकाळी बंद केला, दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर चालू. बारा महिने फुरफुरतोय बिचारा."

"दोन दिवस हवा बंद? आणि गरम टाकीची?"

"तिला कोण हात लावतो. तूच चिठ्ठी लावलीयस ना, 'हात लावू नका'."

साध्या टाकीला मी चिठ्ठी लावली नव्हती. तिला काय होणार आहे, म्हणून.

दहा बावन्न. एकोणचाळिसावी नाही. चाळिसावी नाही. एकेचाळिसावी मिटली. तिच्या रक्ताचा थेंब घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी नाचताना दिसतील असं वाटलं होतं. नाचायला फारशा उरल्याच नव्हत्या.

अकराला मॅडमनी येऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बराच वेळ.

"गरम टाकीपेक्षाही कमी? कसला ताण दिलास हिला, प्रबुद्ध?"

"सुट्टीचा, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "मालाडच्या खाडीतून नव्या आण. पहिल्यापासून सुरू कर. मुदतवाढीचा अर्ज आजच हवा."

"ऑक्टोबरात खाडीच तापलीय," काका म्हणाले. "धडधाकट तिसरी आणणार कुठून?"

मी अर्ज लिहायला बसलो.

"…सबब, सदर प्रयोगास सहा महिने मुदतवाढ मिळावी. तसेच तोपर्यंत मालाडच्या खाडीचे तापमान अठ्ठावीस अंशांवर कायम ठेवण्यात यावे, व खाडीवर सर्वांना दिसेल अशा जागी 'हात लावू नका' अशी चिठ्ठी डकवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."