वास नसलेला झेंडू

अंबूबाईनं तळवा नाकाशी नेऊन हुंगला. कसलाच वास आला नाही. म्हणजे हे स्वप्न आहे, हे तिनं ओळखलं आणि आधी पुढ्यातली गिऱ्हाइकं हाकलली.

"जा रे बाबांनो. आज काय विकायचं नाय मला."

गिऱ्हाइकं निमूट गेली. जागेपणी द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूपुढून एक तरी माणूस कुणी असा हलवून दाखवावा! पण इथं अंबूबाईचा शब्द चालायचा. तिनं रिक्षा थांबवल्या, हॉर्न बंद केले आणि मगच शेजारी बघितलं. बारदानावर तिची लेक दीपमाला बसली होती. मोरपंखी साडी, मांडीवर फुलं, हातात सुई.

"बोल बाई," अंबूबाई म्हणाली. "त्या दिवशी काय सांगायला आली हुतीस?"

तो दिवस शहाण्णव सालचा. दीपमालेला सायखेड्याला देऊन दीड वर्ष झालं होतं. काही न कळवता ती द्वारकेला एसटीतून उतरली आणि फुलांच्या ढिगाशी येऊन उभी राहिली. "आई, एक सांगायचं हुतं." अंबूबाईला मान वर करायला फुरसत नव्हती. दसऱ्याच्या गर्दीत जो येईल त्याच्या हातात सुईदोरा द्यायचा, मग तो व्याही का असेना, ही फुलवाल्यांची रीत. तिनं ओंजळभर झेंडू लेकीच्या मांडीवर टाकला.

"बस आधी. हात चालव. मग बोलू."

दीपमालेनं अर्धी माळ ओवली. मग केव्हातरी सुई फुलात खोचून ती उठून गेली. कुणीतरी गिऱ्हाइकानं ती माळ उचलली तेव्हा अंबूबाईच्या ध्यानात आलं. "गेली व्हय? लय घाई पोरीला," असं म्हणून तिनं उरलेली अर्धी माळ ओवली आणि विकूनही टाकली.

कोजागिरीच्या आत सांगावा आला. विहिरीवर पाय घसरला म्हणे. मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावरून लहानपणी पळणारी पोर ती. पण बघणारे सगळे सासरचेच होते, आणि ते सांगतील तेच खरं झालं. सायखेड्याच्या बायका दबक्या आवाजात म्हणत होत्या, की तिला दिवस गेले होते. मग ती ते सांगायला आली होती, की मला परत धाडू नका म्हणून? एका वाक्याचं काम होतं. तेवढं ऐकून घेतलं असतं तर पोर वाचली असती का, या विचारानं अंबूबाई आतून पोखरून निघाली.

फुलं तोडायला पहाटे तीनला उठणारी माणसं दुपारी झोपतात. अशाच एका दुपारी स्वप्नातल्या झेंडूला वास नाही, हे तिच्या लक्षात आलं. तीस वर्षांत तिच्या हाताचा तो वास कधी गेला नव्हता. "हे खरं नाय," ती स्वप्नातच म्हणाली, आणि तरी जाग आली नाही. मग ती हळूहळू शिकत गेली. आधी फुलांच्या पाट्या हलवल्या, मग गर्दी थोपवली. लेकीचा चेहरा नीट दिसायला मात्र दोन वर्षं लागली.

तिनं नवऱ्याला, भिमाजीला सांगितलं.

"मनाचे खेळ असत्यात ते," तो म्हणाला. मग खाली बघत पुटपुटला, "मला बी बोलीव की एकदा तिथं."

स्वप्नात दीपमाला बोलायची. एकदा म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." पुढच्या खेपेला, "मला परत धाडू नको." कधी नुसतंच, "काय नाय गं, सहज आले हुते." प्रत्येक उत्तर अंबूबाईनं पहाटे फुलं तोडताना मनात घोळवलेलंच असायचं. शेवटी एका दुपारी तिला जाणवलं, की लेक बोलते तेव्हा आपलेच ओठ हलतायत.

त्यावर तिनं सगळं सोडून दिलं. "आता मी काय करनार नाय. तू तुझं बोल." तशी गर्दी परत उसळली, हॉर्न वाजू लागले. दीपमालेनं सुई फुलात खोचली आणि ती निघून गेली. पुढेही दर वेळी तेच झालं. धरून ठेवली तर ती लेक नव्हतीच, आणि सोडली तर थांबत नव्हती. अंबूबाईला दुपारची झोप नकोशी झाली.

दोन हजार तीनच्या दसऱ्याला, ऐन गर्दीत, कडेला एक मुलगी उभी दिसली. अंगावर मोरपंखी ओढणी. अंबूबाईची सुई थांबली. तिनं तळवा हुंगला. झेंडूचा उग्र वास थेट डोक्यात गेला.

तरीही तिनं शेजारचं बारदान झटकलं. "बस बाई. आधी काय ते बोल. गिऱ्हाईक ऱ्हाऊ दे."

मुलगी गोंधळली. "नाही मावशी, मला फक्त दोन माळा हव्या होत्या."

अंबूबाईनं माळा दिल्या. मुलगी रस्ता ओलांडून दिसेनाशी झाली. भिमाजी फुलांची नवी पाटी घेऊन आला आणि त्या रिकाम्या बारदानावर ठेवायला वाकला.

"तिथं नको," ती म्हणाली.

त्यानं बारदानाकडं बघितलं. मग पाटी परत डोक्यावर घेऊन तो गर्दीत तसाच उभा राहिला.