हिरामण तांडेलाची फुंकर

"पांढरं झालं! पांढरं झालं!" असा गलका उठला आणि मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवर चढली.

कोळीवाड्याच्या ज्या खळ्यावर एरवी बोंबील वाळतात, तिथे त्या सकाळी बोंबलांना जागा नव्हती. मधोमध व्याघ्रचर्मावर, म्हणजे पट्टे रंगवलेल्या घोंगडीवर, फुंकरबाबा बसला होता. त्याच्यासमोर काचेचा पेला, पेल्यात नितळ पाणी, पाण्यात पपईच्या देठाची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गाल फुगवून फुंकणारा माझा बापूस, होडीचा म्होरक्या हिरामण तांडेल, आमचा आबा. बघता बघता पेल्यातलं पाणी दुधासारखं झालं होतं.

"बघा, बघा! हे छातीतलं विष!" फुंकरबाबा ओरडला. "श्वास आत तो जीव, श्वास बाहेर तो शिव! डॉक्टर कापतो, आम्ही फुंकतो! आठ दिवस फुंकायचं. नारळ, कोंबडी आणि श्रद्धा, तिन्ही रोज ताजी पाहिजेत."

माझी आई, सखुबाई, हात जोडून उभी होती. तिच्या काखेत आमची सगळ्यात चांगली अंडी देणारी कोंबडी होती.

मी बोर्ली पंचतनच्या शाळेत मास्तर. शनिवारी घरी आलो तर हा तमाशा. डोक्यात तिडीक गेली, कारण आबाचा आजार मला नीट ठाऊक होता.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. त्याआधी तीन वर्षं आबाच्या मांडीत गाठ आली होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ती काढली, तेव्हा ती कॅन्सरची निघाली. आबा लंगडत परत आला आणि पुन्हा होडीवर चढला. त्यानंतर आम्ही छातीचा फोटो काढायला अधूनमधून मुंबईला जायचो. यंदाच्या फोटोत उजव्या फुफ्फुसावर डाग दिसला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मांडीतलाच रोग वर आलाय. पण डाग एकच आहे आणि कडेला आहे. तेवढा भाग कापून काढता येईल. फार थोड्यांच्या बाबतीत हे जमतं. मात्र शिमग्याच्या आत त्यांना घेऊन या. थांबलात तर एकाचे चार होतील."

तो फोटो आईने अंगणात उन्हासमोर धरला होता. शेजारणी जमल्या. बरगड्या बघून एक म्हणाली, "यो तं हलव्याचा काटा." दुसरी म्हणाली, "हलव्याचा नाय गो, पापलेटाचा." डाग कुणी बघितलाच नाही. आबाने तेवढा बघितला. त्या दिवसापासून तो न फाटलेली जाळी दुरुस्त करत बसू लागला. जेवायला हाक मारली तरी उठेना. नेमका त्याच आठवड्यात फुंकरबाबा गावात उतरला.

त्याला हाताशी गुणाजी मिळाला होता. गावातला हा गडी कुठल्याही कामाला सापडत नसे आणि कुठल्याही बाबाला लगेच सापडे. बाबाजवळ दोन लोट्या होत्या, एक तांब्याची, एक पितळेची. नव्या रोग्याला गुणाजी तांब्याच्या लोटीतलं पाणी ओतून देई. ज्याचे आठ दिवस भरले त्याला पितळेच्या. आणि बाबाचा कडक नियम होता की शुद्ध झालेल्याने दुसऱ्याच्या पेल्यात फुंकायचं नाही. रोग उलटतो म्हणे.

आठव्या दिवशी, मी पुन्हा शनिवारचा घरी आलो तेव्हा, आबाने फुंकलं. बुडबुडे आले, पाणी मात्र काचेसारखं नितळ राहिलं. खळ्यावर टाळ्या पडल्या. आमची कोंबडी तोवर बाबाच्या पोटात शुद्ध झाली होती.

"आबा," मी म्हणालो, "मुंबईच्या बोटीचं ठरलंय आपलं."

"आता कशाला मुंबय? बरा झालो मी. पानी बघितलास न्हाय?"

"डाग छातीत आहे, पाण्यात नाही."

"तू पोरांना पाढे शिकव. मना शिकवू नको."

मला राग आला आणि रागाच्या भरात मी विज्ञानाचा आधार घेतला. ते पाणी कसलं हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. चुन्याची निवळी! आईच्या पानाच्या डब्यातला चुना मी पाण्यात कालवला, तो तळाशी बसू दिला आणि वरचं नितळ पाणी अलगद पेल्यात काढलं. मग आईला, आबाला आणि शेजाऱ्यांना ओटीवर बसवून वर्गात शिकवतो तसं समजावलं. "हे बघा, मी धडधाकट माणूस. आता मी फुंकतो." मी फुंकलं. पाणी पांढरं झालं. मी विजयी मुद्रेने मान वर केली.

आईने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माझ्या पोराला पन लागला!"

"आये, तसं नाही! ते चुन्याचं पाणी आहे, कुणीही फुंकलं तरी पांढरंच होतं. तू फुंकून बघ."

आईने फुंकलं. पांढरं. ती मटकन खाली बसली. शेजारीण फुंकून रडायला लागली. तिचा नवरा फुंकायच्या आधीच रडायला लागला.

"अहो, चुना आहे तो! चुना!" मी ओरडत होतो.

"चुना असूं दे न्हायतर साखर असूं दे," शेजारीण म्हणाली, "पांढरं झालं का न्हाय?"

"आबा, तुम्ही फुंका यात. तुमचंही होईल."

आबाने हात मागे घेतला. "बाबानं नको म्हटलंय. रोग उलटल."

संध्याकाळपर्यंत बातमी वाडाभर पसरली. दुसऱ्या दिवशी खळ्यावर जत्रा लोटली. फुंकरबाबाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "या मास्तरने गावाचा छुपा रोग उघड केला. याचं कल्याण होवो!" आयुष्यात पहिल्यांदा माझा धडा संपूर्ण गावाने मनावर घेतला होता, आणि तो असा. कोळीवाड्यात आता एकच माणूस निरोगी उरला होता. तो म्हणजे माझा बापूस, ज्याला खरोखर कॅन्सर होता.

आबाला बाबाने आपल्या शेजारी बसवलं होतं, दुकानदार चांगला माल पुढे मांडतो तसं. आबाही छाती काढून बसला होता. कितीतरी दिवसांनी तो हसताना दिसत होता, आणि खरं सांगतो, ते हसू बघून मला रडू येत होतं. मुंबईच्या बोटीला दोनच दिवस राहिले होते. ती बोट चुकली असती तर ऑपरेशनची संधी पुन्हा येणार नव्हती.

रांगेत सगुणा पुढे आली. ही आमच्या वाड्यातली मासळी विकणारी. महिनोन् महिने खोकत होती आणि अंगाने काडीइतकी उरली होती. गुणाजीने तांब्याच्या लोटीतून पेला भरला. सगुणाने नळी तोंडात धरली, पण फुंकायला दमच नव्हता. एक बुडबुडा निघाला आणि मग नुसता खोकला.

"फुंक, फुंक!" बाबा गरजला. "श्रद्धा कमी पडते तुझी!"

आबाने असे अडलेले नवखे आयुष्यभर बघितले होते. होडीवर नवखा गडी वल्हं चुकीचं धरायचा, तेव्हा आबा शिव्या देत उठायचा आणि स्वतः मारून दाखवायचा. त्याला राहवलं नाही.

"असं न्हाय गो पोरी! गालानं नको फुकू, पोटातनं घे. यो बघ!" असं म्हणत त्याने दुसरी नळी उचलली आणि सगुणाच्या पेल्यात फुंकर घातली. तांडेलाची फुंकर ती. अर्धं पाणी बाहेर उडालं, आणि उरलेलं पांढरं झालं.

रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकली.

"उलटला!" फुंकरबाबा किंचाळला. "नियम मोडलास! रोग परत शिरला!"

आबाचा चेहरा पडला.  मी पुढे झालो.  त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "आबा, आता तुमच्या स्वतःच्या पेल्यात फुंकून बघा."

त्याचा पेला शेजारीच होता, पितळेच्या लोटीतला. त्याने फुंकलं. पाणी नितळच राहिलं.

"पुन्हा तिच्या पेल्यात," मी म्हणालो. आईने गुणाजीच्या हातातली तांब्याची लोटी हिसकावून सगुणाचा पेला पुन्हा भरला. आबाने फुंकलं. पांढरं.

आबाने दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. मग बाबाकडे पाहिलं.

"म्हंजे ह्या पेल्यात मना रोग हाय, आणि त्या पेल्यात न्हाय?"

"ही गूढ विद्या आहे, तांडेल. प्रश्न विचारू नये."

"बरं, न्हाय इचारत. तू फुक."

"आम्ही योगी. आम्ही श्वास बाहेर सोडतच नाही."

"मग आता बोललास तो कशानं?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आबाने तांब्याची लोटी उचलून जिभेवर थेंब घेतला. चाळीस वर्षं कमरेला चुन्याची डबी बाळगणारा माणूस तो. त्याने पचकन थुंकलं.

"च्या मायला! चुना हाय यो!"

"हेच मी काल सांगत होतो," मी म्हणालो.

"तू सांगत व्हतास, मना कळत नव्हतं," आबा म्हणाला. "आता सांग."

मग मी सांगितलं. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात एक वायू असतो. पुस्तकात त्याला कर्बवायू म्हणतात. तो चुन्याच्या निवळीत गेला की खडूसारखे बारीक कण तयार होतात आणि पाणी पांढरं दिसतं. राजाने फुंकलं तरी, तान्ह्या पोराने फुंकलं तरी. त्यावरून एवढंच कळतं की फुंकणारा जिवंत आहे. पितळेच्या लोटीत साधं विहिरीचं पाणी आहे, त्यात फुंकून काहीच होत नाही. म्हणूनच बाबाने एकाला दुसऱ्याच्या पेल्यात फुंकू दिलं नाही.

"म्हंजे आमाला कुनालाच काय झालं न्हाय?" शेजारणीने विचारलं. तिच्या आवाजात थोडी निराशाच होती. कालपासून तिला घरात कामाला कुणी लावलं नव्हतं.

आईने फुंकरबाबाची दाढी धरली, नळी त्याच्या तोंडात कोंबली आणि म्हणाली, "फुक मेल्या! माजी कोंबडी खाल्लीस, आता फुक!" त्याने फुंकलं. त्याच्याइतकं पांढरं पाणी अख्ख्या वाड्यात कुणाचं झालं नव्हतं. दुपारच्या एस.टी.ने तो गेला, व्याघ्रचर्म इथेच टाकून. गुणाजी म्हणत होता की मला काहीच माहीत नव्हतं, ज्या लोटीतून ओत म्हणाले त्या लोटीतून ओतलं. ते बहुधा खरंही असावं. सगुणाला मी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं. तिला क्षय निघाला, आणि क्षयावर तेव्हा औषध होतं. ती बरी झाली.

घरी जाताना आबा वाटेत आपल्या होडीपाशी थांबला. मग म्हणाला, "मना कापून घ्यायची भीती न्हाय वाटत. पन अर्ध्या फुफ्फुसावर माजी हाक दुसऱ्या होडीला जाल का?"

इतके दिवस त्याच्या पोटात हे होतं आणि मी त्याला डाग आणि पाणी समजावत बसलो होतो.

"नाही गेली तर तुमच्या वतीने मी हाक मारीन," मी म्हणालो.

"तुजी हाक शाळंत तिसऱ्या बाकापतूर जात न्हाय," आबा म्हणाला, आणि घरी पोचताच बोटीची पिशवी भरायला लागला.

मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी नर्सने आबासमोर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही रबरी नळीने जोडलेल्या, एकीत पाणी. "आजोबा, यात जोरात फुंका." आबा पलंगावरून उठूनच उभा राहिला. "शिव शिव! इथं पन त्योच बाबा!"

नर्स हसली नाही. तिने सांगितलं की फुंकरीने एका बाटलीतलं पाणी दुसरीत ढकलायचं, म्हणजे फुफ्फुस पूर्ण उघडतं आणि ऑपरेशननंतर त्यात कफ साठत नाही. आबाने विचारलं, "तू फुकलंस तर?" तिने नळी पुसून स्वतः फुंकून दाखवलं. पाणी दुसऱ्या बाटलीत गेलं. मग आबाने फुंकलं, आणि शेजारच्या पलंगावरच्या रोग्यालाही शिकवलं.

ऑपरेशनच्या सकाळी आबाने डॉक्टरांना विचारलं, "मी बरा व्हईन ना?"

डॉक्टर म्हणाले, "डाग काढता येईल असं वाटतं. पुढचं नक्की सांगता येत नाही. पण न काढता बरं व्हाल असं मी मुळीच म्हणणार नाही."

मला वाटलं आबा खचेल. त्याने माझ्याकडे वळून सांगितलं, "यो माणूस खरा हाय. पान्यात उतरताना कुनी खात्री देतो का? चल." दारापर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. मीही सोडला नाही.

आबा त्यानंतर सहा वर्षं जगला. होडीवरून त्याची हाक पहिल्यासारखी जात नसे, पण आम्हाला घरात शिव्या द्यायला पुरेशी होती. सहाव्या वर्षी तोच रोग पुन्हा आला आणि त्याला घेऊन गेला. हे लपवून ही गोष्ट सांगितली तर मीही एक फुंकरबाबाच ठरेन.

माझा बापूस मूर्ख नव्हता. तो घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला खात्री हवी असते आणि ती विकणारे गावोगाव हिंडत असतात. त्यांना ओळखायला फार शिकावं लागत नाही. प्रश्न विचारला की ते चिडतात, आणि खरा वैद्य कारण सांगतो. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर आपल्या माणसाच्या भीतीला हसू नका आणि त्याला धडे देत बसू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि त्याला जो प्रश्न विचारायचं धैर्य होत नाही, तो त्याच्या वतीने तुम्ही विचारा.