उन्हाच्या बाजूचं घर

लिफ्टचं दार मिटलं तशी गेक सुआननं उजव्या बाहीवरची टाचणी काढली. पोस्टाच्या तिकिटाएवढा काळ्या कापडाचा तुकडा तळहातावर आला. आई गेल्यापासून तो बाहीवर होता आणि शंभर दिवस पुरे होईपर्यंत तिथंच राहायला हवा होता. पण सुतकातल्या बाईला आपला उंबरा ओलांडू देईल असा म्हातारा अख्ख्या तोआ पायोह वस्तीत शोधून सापडला नसता. तिनं तुकडा पर्समध्ये टाकला.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. तिसऱ्यावर ती थांबत नसे, म्हणून एक जिना उतरून गेक सुआन तिथं आली. गॅलरीतल्या कुंड्या ओलांडताना तिला वाटलं, आपण इथं पूर्वी येऊन गेलोय. आलेली मात्र ती कधीच नव्हती. या घराची तिला ठाऊक होती ती फक्त पाठ.

रस्त्यापलीकडच्या फूड सेंटरमध्ये आईचा ताऊ हुएचा स्टॉल होता. सोयाच्या दुधाचं ते गरम, थरथरतं ताऊ हुए वाडग्यात घालून त्यावर साखरेचा पाक ओतायचा आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की आई मान वर करायची. समोरच्या इमारतीतल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून कपड्यांच्या बांबूच्या काठ्या बाहेर आलेल्या असत.

"ते घर," ती हनुवटीनंच दाखवायची. "दुपारभर ऊन. चादरसुद्धा तासाभरात वाळत असेल."

त्या दोघींची भाड्याची खोली दुसऱ्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून होती. तिथं कपडे वाळत नसत, नुसते जुने होत. म्हणून असेल, पण दुसऱ्यांचे कपडे आई पोथीसारखे वाचायची. तिसऱ्या मजल्यावर नातवंडं आलीत, म्हाताऱ्यानं नवी पँट शिवलीय, बाईचा गुडघा दुखतोय म्हणून आज काठ्या अर्ध्याच भरल्यात. गेल्या वर्षी एका दुपारी पळी हातात तशीच धरून ती म्हणाली होती, "बाईचे कपडे दिसेनात गं. आणि बनियनं बघ, गळ्याकडून अडकवलीत. खालून अडकवायची असतात, हे त्याला कोण सांगणार? गेली बिचारी."

आई गेल्यावर महिन्यानं त्याच खिडकीच्या गजाला घर विकायचं असल्याचा कागद लागला.

आता स्टॉलवर मावशी उभी राहायची. आज सकाळीच तिनं तोंडाचा पट्टा सोडला होता.

"नव्याण्णव वर्षांच्या मुदतीतली निम्मी सरलीत त्या घराची. जमीन सरकारची, मुदत सरकारची. घर कसलं घेतेस, उष्टं भाडं घेतेयस!"

"मुदत संपेल तेव्हा मी नव्वदीची असेन, मावशी."

"आणि एक्क्याण्णवाव्या वर्षी? माझ्या या टेबलाखाली पथारी टाकणार?"

"तू असशील का तेव्हा?"

"मी असणारच. मला कोण नेतंय!"

मावशीनं उगाच पातेल्यावरचं झाकण उचलून परत ठेवलं.

"निदान शंभर दिवस तरी जाऊ देत," ती हळू आवाजात म्हणाली.

"तोवर दुसरं कुणी घेईल. तिनं निवडलेलं घर आहे ते."

त्या घराचं दार उघडलं ते मालकांनी, सिम काकांनी. अंगात बनियन, वर घाईनं चढवलेला शर्ट. ते आईच्याच बोलीत, तेओच्यूत बोलत होते. परक्याच्या तोंडून ती बोली कानावर पडून तिला बरेच दिवस झाले होते.

"ये पोरी. चपला राहू देत. बरं, काढायच्या तर काढ."

खोलीत पंखा फिरत होता. पडदा आत येई, जरा टेकल्यासारखा होई आणि परत जाई. भिंतीवर एक खिळा होता आणि खिळ्याखाली फोटोच्या आकाराचा, बाकी भिंतीपेक्षा उजळ चौकोन. गेक सुआननं नजर फिरवली.

"काकी बाहेर गेल्यात?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

"पासिर रिसला. मुलाकडे." काकांनी पंख्याकडे बघत सांगितलं. "मीही तिकडेच जाणार आता. सून चांगली आहे. मीठ कमी घालते, पण चांगली आहे."

स्वयंपाकघरात ऊन उभं होतं. फरशीवर, ओट्यावर, पालथ्या घातलेल्या एकुलत्या एक वाडग्यावर. ती खिडकीशी गेली. खाली रस्ता, पर्जन्यवृक्षाचा हिरवा घेर आणि त्याच्या कडेला फूड सेंटरचं छप्पर. छपराखालून एक बाई पळी हातात घेऊन वर बघत होती. तीच कमरेवरची मूठ, तीच एका बाजूला कललेली मान. आता ती हनुवटीनं इकडे दाखवेल, असं गेक सुआनला वाटलं आणि तिचा हात आपोआप वर गेला. खालच्या बाईनंही हात केला. मग ती गिऱ्हाइकाकडे वळली आणि ती मावशी झाली.

गेक सुआनचा हात तसाच उंच राहिला. पांढऱ्या बाहीतून ऊन आरपार येत होतं. तिथं टाचणीची दोन बारीक भोकं होती आणि घामानं उतरलेल्या काळ्या रंगाचा फिकट चौकोन.

सिम काका त्या चौकोनाकडे बघत होते. उजवी बाही म्हणजे गेलेलं ते बाईमाणूस, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"आई?"

तिनं हात खाली घेतला. "हो. माफ करा काका. मी जाते."

"चहा टाकलाय मी."

ती जागची हलली नाही. काकांनी कप विसळले, एक पुसला, दुसरा तसाच ठेवला.

"पासिर रिसला नाहीये ती," ते कपांना म्हणाले. "मुलगा म्हणतो, घरात कुणी गेलंय म्हटलं की गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरतं. फोटो त्यानंच काढायला लावला."

"मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बनियनांनी. आईनं खालून वाचलं होतं. तुम्ही ती गळ्याकडून अडकवता."

काकांनी अंगातल्या बनियनाचा गळा चाचपला. मग त्यांच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला. "तुझी काकीही हेच म्हणायची. मला वाटायचं, मरू दे, कोण बघतंय."

चहा पिताना त्यांनी विचारलं, "शंभर दिवस कधी भरतात?"

"सप्टेंबरअखेर."

"मग किल्ली ऑक्टोबरात. मुलाला सांगेन पाय दुखतोय, इतक्यात निघत नाही. दुखतोही."

मग त्यांनी दाराकडे तोंड केलेला लाल देव्हारा दाखवला. तो थेट जमिनीवर ठेवलेला होता. पुढे तीन चिमुकले चहाचे पेले. "हा जमिनीचा धनी. याला मी नेणार नाही. हा इथला, मी आलो-गेलो. मुदत, सही-शिक्के ते सरकारचं. राहायला याला विचारायचं. पहिल्या दिवशी उदबत्ती लावायची, नाव सांगायचं आणि घरात किती जण ते सांगायचं. एवढंच मागतो तो."

"आणि तुम्ही? त्याला सांगितलंत, काकी..."

सिम काकांनी पेल्यातला चहा उगाच हलवून पाहिला.

"रोज सकाळी सांगायचं ठरवतो," ते म्हणाले. "रोज तोंडातून 'दोघं' येतं."

ऑक्टोबरात किल्ली हातात आली, तेव्हा घर रिकामं होतं आणि त्यामुळे दुप्पट उजेडाचं. काका निघताना देव्हाऱ्यापुढे वाकले. गुडघा कुरकुरला. ते काय पुटपुटले ते ऐकू येऊ नये म्हणून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, "नळ जोरात पिळू नकोस," आणि कठड्याला धरत लिफ्टसाठी एक जिना चढून गेले.

बाहीवर आता काही नव्हतं. तो तुकडा रीतीप्रमाणे जाळून झाला होता. तिनं तिन्ही पेल्यांत ताजा चहा ओतला, उदबत्ती लावली आणि फरशीवर गुडघे टेकले. इतक्या खालून घर वेगळंच दिसत होतं. उन्हाचा पट्टा स्वयंपाकघरातून निघून सावकाश तिच्याकडे येत होता. तिनं नाव सांगितलं. मग घरात किती जण तेही सांगितलं आणि ऊन टाचेला लागेपर्यंत तशीच बसून राहिली.

दुपारी मावशीचा फोन आला. मागे भांड्यांचा खणखणाट.

"काठी घातलीस बाहेर? दिसली मला. पहिल्याच दिवशी धुणं, काय हौस!"

"ऊन वाया जात होतं."

"तो निळ्या फुलांचा ब्लाऊज कुणाचा?"

गेक सुआन खिडकीशी उभी होती. खाली छपराच्या कडेला मावशी डोळ्यांवर हात धरून वर बघत होती.

"तिचे सगळे कपडे जाळले होते ना आपण?" मावशी म्हणाली.

"एक राहिला होता."

फोनवर कुणीतरी दोन वाडगे मागितले. मावशीनं त्याला थांबायला सांगितलं.

"खालच्या बाजूनं अडकवलायस ना?"

"हो."

"मग वाळेल," मावशी म्हणाली. हात मात्र तिनं डोळ्यांवरून खाली घेतला नाही.